पंपाला हात लावू नका

मंडळी, दुपारपासून हे लिहायचं टाळत होतो, पण आता राहवत नाही.

पदार्थविज्ञान घेऊन कसाबसा बी. एस्सी. झालो. नोकरी कुठेच नाही, म्हणून ठाण्यात मामाकडे राहून आज एका शाळेत मास्तरकी मागायला गेलेलो. वाटेत खाडीवर मिठागरं बघत रेंगाळलो, तरी वेळेत पोचलो.

तिथे काचेच्या कपाटात हवा ओढणारा नवाकोरा पंप! मी कपाट उघडलं, तसे हेडमास्तर ओरडले, "अहो, हात नका लावू! साहेब तपासणीला आले की दाखवायचाय तो."

"मग मुलांना काय दाखवू?"

"दाखवता कशाला? पाठ करून घ्या."

नोकरी नको म्हणून निघून आलो. आता मामाला काय सांगू? मी चुकलो का हो?

थांबा, अर्जावरचा पत्ता शोधत दारात हेडमास्तरच आलेत! हळूच विचारताहेत, "अहो, तो पंप चालतो तरी कसा?"