सोम्याचे पाय

म्युझियमच्या तिसऱ्या दालनाच्या दारात मंगळी चपला काढायची. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिकीट मुठीत धरून यायची. वाटेत राजांच्या तलवारी, पेंढा भरलेला वाघ, बटण दाबलं की फिरणारी पृथ्वी असं काय काय लागायचं, त्याकडे ती ढुंकूनही बघायची नाही. सरळ आमच्या दालनात, कोपऱ्यातल्या कुडाच्या झोपडीपुढे. तिथे कठड्यापाशी फतकल मारून बसायची आणि डोकं पार फरशीला लागेल इतकं खाली घालायची. बराच वेळ तशीच. मग उठायची, पायात चपला सरकवायची आणि भिवंडीच्या गाडीला निघून जायची. दर वर्षी दिवाळी सरली, भात-नागली घरात आली, की वीटभट्टीवर जाताना तिचा हा एक थांबा ठरलेला. पहारेकरी मला हाक मारायचा, "मिस्तरी, तुमची भक्तीण आली!" मीही हसायचो. अकलेचा कांदा होतो, दुसरं काय.

त्या म्युझियममध्ये पुतळे करण्याचं काम माझ्याकडे होतं. मूळचा मी जव्हारचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम, मी एकटाच मातीत घुसलो. अब्बा चिडायचे, "चांगलं सागवान सोडून चिखल कालवतोय!" त्या चिखलानेच मला शहरात नोकरी दिली. पुढे 'डोंगरातलं जीवन' नावाचं दालन करायचं ठरलं, तेव्हा आमच्या संचालकसाहेबांनी मला पुढे घातलं. म्हणाले, "तुमचाच मुलूख आहे, तुम्हीच माणसं शोधा." मुलूख माझाच, पण सूर्यमाळला मी तोवर एकदाही गेलो नव्हतो. डोंगरावरून बाजाराला आलेल्या बायकांकडून करवंदं घ्यायची, भाव पाडायचा, एवढाच आमचा त्या माणसांशी संबंध. साहेबांपुढे मात्र मी जाणत्यासारखी मान डोलावली.

वैशाखात साहेबांबरोबर गेलो. सूर्यमाळच्या एका पाड्यावर मंगळी भेटली. विशीची पोर, कडेवर पाच महिन्यांचा सोम्या. नवरा मुंबईकडे कामाला गेलेला, तो परत येईल की नाही याचा तिला भरवसा नव्हता आणि तसं ती स्वच्छ सांगायची. त्या डोंगरातली माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात, ती तर साहेबांनाही करायची. साहेब अदबीने म्हणाले, "आपण जरा मांडी घालून बसाल का?" ती म्हणाली, "तू बसून दाव आधी. मंग माला कळंल." साहेब आपली इस्त्रीची पँट सावरत धुळीत बसले. अख्खा पाडा हसला, साहेबही हसले.

आमची पद्धत अशी होती की हात, पाय आणि मोठ्या माणसाचा चेहरा यांचे साचे प्रत्यक्ष अंगावरून घ्यायचे. प्लास्टर कालवायला पाणी लागतं. पाड्याची विहीर आटलेली. खाली दरीत एक झरा होता, त्याचं पाणी वाटीवाटीने भरावं लागे. मंगळीने आमच्यासाठी दोन हंडे वर आणले, सोम्या पाठीला बांधलेला. हंडे उतरवून म्हणाली, "एवढ्या पाण्यात आमचे दोन दिस जातात." तक्रार नव्हती तिची, आपली माहिती म्हणून सांगितलं. मी ते पाणी घमेल्यात ओतलं आणि प्लास्टर टाकलं. तेव्हा मला त्यात काहीही वाटलं नाही.

तिच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापलं, श्वासाला नाकात दोन नळ्या घातल्या. दुसरी कुणी असती तर घाबरून उठली असती. ही दगडासारखी पडून राहिली. साचा काढल्यावर डोळे चोळत म्हणाली, "मेल्यावर असाच गार लागत असंल, तर मरण काय वाईट नाय." वर माझ्याकडे बघून हसली.

सोम्याचा चेहरा तसा घेता येणार नव्हता. तान्ह्या पोराच्या नाकात नळ्या कोण घालणार? त्याचे दोन्ही पाय तेवढे मी मऊ मातीत दाबून ठसे घेतले. डाव्या पायाची मधली दोन बोटं जोडलेली होती. चेहरा मात्र मी समोर बसून, बघत बघत मातीत केला. पोरगं वाळलेलं होतं. डोकं मोठं, हातपाय काटक्या, रडायचं तेसुद्धा मांजराच्या पिल्लाएवढं. मी तसंच करत होतो. साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "मिस्तरी, लोक बायकामुलांना घेऊन येतात हो. असलं दाखवून कसं चालेल? गाल भरा. दंड भरा. आईलाही थोडं भरा." मी भरले. माती लावायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत सोम्या बाळसेदार झाला. पायांना मी हात लावला नाही. म्हटलं, पाय खाली राहणार, ते कोण बघतंय.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. आणलेलं प्लास्टर संपलेलं, साचे आणि साहेब पहिल्या फेरीत पुढे गेलेले. जीपमध्ये मी आणि ड्रायव्हर, मागची बाकं मोकळी. जव्हारला थांबायचंच होतं, माझं घर तिथे. पाड्याच्या वळणावर मंगळी सोम्याला घेऊन उभी होती. निरोप द्यायला आली, मला बरं वाटलं. मी जीपमधून हात हलवला.

दालन दिवाळीच्या तोंडावर उघडलं. साहेबांनी हौसेने गाडी पाठवून मंगळीला बोलावून घेतलं, पाहुणी म्हणून. हार, भाषणं, फोटो, सगळं झालं. झोपडीत पुतळा बसलेला होता, तिच्यासारखाच, पण अंगाने भरलेला, आणि मांडीवर गुटगुटीत पोर. मंगळी कितीतरी वेळ बघत राहिली. मी फुशारकीने विचारलं, "काय गं, सोम्याला नाही आणलंस?"

तिने कठड्याच्या आत बोट दाखवलं. "तू आणलास की आधीच."

मला कळेना. मग तिच्याबरोबर आलेल्या भावजयीने सांगितलं. भादव्यात सोम्या गेला. ओढ्याच्या काठाला पुरला आणि त्यानंतरच्याच मोठ्या सरीत तो काठ खचून वाहून गेला. फोटो नाही, खूण नाही, काही नाही. भावजय हे सांगत असताना मंगळी पुतळ्याकडेच बघत होती. म्हणाली, "इथं भरला रे. काय खायला घातलंस त्याला?"

घरी आल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवसापासून जायला लागलं, तेही सांगून टाकतो.

त्यानंतर ती दर वर्षी येत राहिली, वीसेक वर्षं. केस पांढरे झाले, दात पडले, भट्टीच्या धगीने कातडी काळवंडली. पुतळा विशीचाच. एकदा एका शाळेची सहल आली होती. बाई मुलांना समजावत होत्या, "बघा मुलांनो, ही डोंगरातली आई. साधी, समाधानी, निसर्गाच्या कुशीत राहणारी." कठड्यापाशी बसलेली मंगळी म्हणाली, "ती मीच हाय." बाईंनी तिला नीट न्याहाळलं, मग पुतळ्याकडे पाहिलं आणि मुलांना पुढच्या दालनात नेलं. एक मुलगी मागे वळून वळून बघत होती. मंगळी मला म्हणाली, "त्या बाईचा काय चुकला? माला पण पटत नाय." आणि खो खो हसली. तिच्या त्या हसण्याची मला भीती वाटायची.

मी निवृत्त होऊन जव्हारला परतलो. यंदा दिवाळीनंतर एका सकाळी दारात मंगळी उभी. म्युझियमला जाऊन, तिथून उलटी एसटी धरून आलेली. पाणीही न घेता म्हणाली, "मिस्तरी, दाराला फळी ठोकलीय. पोऱ्या आत हाय. त्याचा काय करणार?"

मी फोन लावला. जुनं दालन मोडून नवं प्रदर्शन येत होतं, सगळं पडद्यांवर. बोट लावलं की डोंगर, बोट लावलं की पाऊस. जुने पुतळे खराब झाले म्हणून मोडीत काढलेले. मोडीतली वस्तू अखंड बाहेर द्यायची नाही, समितीसमोर फोडायची, असा नियम. मी मंगळीला सांगितलं. ती म्हणाली, "चल." मी टोपी घातली आणि निघालो.

एसटी घाट उतरल्यावर ती म्हणाली, "एक इचारू? तू तव्हा त्याच्या तोंडाकडं बघून माती लावीत व्हतास. दिसभर बघत व्हतास. माझा सोम्या कसा व्हता रे? माला आता डोळे मिटले की ह्योच दिसतो, तुझा. माझा दिसत नाय."

मी डोळे मिटून आठवायला लागलो. काटक्यांसारखे दंड आठवले, मोठं डोकं आठवलं. तोंड येईना. येत होते ते माझ्या अंगठ्याने दाबून बसवलेले गाल. या अल्ला, ज्याने बघण्याचाच पगार घेतला, त्याच्याकडेही ते तोंड नव्हतं! आणि तिचं होतं तेही मी पुसून ठेवलेलं. मी म्हणालो, "चांगला होता गं." ती खिडकीबाहेर बघू लागली.

म्युझियमात नव्या अधिकारी मॅडम होत्या. पोरगी भली होती, तिला खोटं का म्हणू? सगळं ऐकून तिचे डोळे भरले, पण म्हणाली, "चाचा, अख्खं बाळ मी देऊ शकत नाही. माझ्या हातात नाही ते."

मंगळी म्हणाली, "माला आख्खा नकोच हाय."

तिने चपला काढल्या, फळी ओलांडून आत गेली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकलं. पुतळ्यापुढे फतकल मारली, डोकं फरशीपर्यंत खाली घातलं आणि मला म्हणाली, "हितं ये. असा वाकून बघ."

मी वाकलो, गुडघे कुरकुरले. तेवढ्या खालून, फक्त तेवढ्या खालूनच, आईच्या मांडीखालून बाहेर आलेले सोम्याचे तळवे दिसत होते. वाळके, सुरकुतलेले, डाव्याची दोन बोटं जोडलेली. वीस वर्षं ती नमस्कार करत नव्हती.

"हे माझं," मंगळी म्हणाली. "तेवढं दे. बाकीचा तुमचा, फोडा."

मॅडमनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी बारीक करवत मागवली आणि घोट्यापासून दोन्ही पाय कापले. टवका उडू दिला नाही. तिने ते आधी गालाला लावले, मग पदरात बांधले आणि पदर पोटाशी खोचला. उरलेलं मी समितीसमोर फोडलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण माझ्याच हाताने फोडलं.

तिला भिवंडीच्या गाडीवर सोडायला गेलो. इतकी वर्षं मनात ठेवलेलं तेव्हा बोलून टाकलं. म्हणालो, "मंगळी, मी त्या दिवशी सोम्याला जव्हारच्या दवाखान्यात घेऊन जायला पाहिजे होतं. जीप रिकामीच होती."

"व्हती रिकामी," ती म्हणाली. "म्हणून तर उभी व्हती वाटेला, पोऱ्याला घेऊन. वाटलं, थांबशील."

गाडी लागली. पायरीवर एक पाय ठेवून तिने मागे वळून पाहिलं.

"तू हात हलवलास."