पडदा काढलेला खेळ

कळसूत्री बाहुल्यांची ती मंडळी टीव्हीवर गाजली आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या अमडापूरला आली. गावाने ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर तो खेळ आधीच पाहिला होता. कॅमेरा इतका जवळ गेला होता की बाहुल्यांचे दोरे दिसले होते.

देवळासमोर खेळ सुरू झाला. राजपुत्र पुढे येताच एक गडी ओरडला, "ते पाह्य बे, दोरा दिसून राह्यला!" लोक हसले. मग जो तो दोराच शोधू लागला.

पडद्याआडून बाहुल्या नाचवणाऱ्या माणसाने एका हाताने तो पडदाच ओढून काढला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, बोटांवर दोऱ्यांचे वळ होते.

"टीव्हीने अर्धंच दाखवलं," तो शांतपणे म्हणाला. "आता सगळं पाहून घ्या."

तो तसाच उघड्यावर उभा राहून खेळवत राहिला. हसणं हळूहळू थांबलं. लढाईत राजपुत्र कोसळला, तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी कळवळली, "अरे, त्याले कोनी पानी त पाजा, बापा!"

तो माणूस माझ्यापासून दहा हातांवर होता. त्याचा चेहरा मला आठवत नाही. राजपुत्राचा आठवतो.