साहेब नको म्हणाले होते

निवडणुका रखडल्या आणि आमच्या तालुक्याच्या गावात नगरसेवकच उरले नाहीत. सगळा कारभार मुख्याधिकाऱ्यांच्या हाती आला, तेच प्रशासक. मला हे अजिबात पटलं नव्हतं. नगरसेवक कितीही निकम्मा असला तरी त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. बदलीवर आलेल्या माणसाशी कुठल्या नात्यानं भांडायचं?

पण या साहेबांनी माझं तोंड बंद केलं. आमची गल्ली पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. पाणी कधी येईल त्याचा नेम नसायचा. साहेब स्वतः गल्लीत आले. वरच्या घरांनी नळाला बसवलेल्या मोटारी काढायला लावल्या, त्यात दोन माजी नगरसेवकांच्याही होत्या. मग वार ठरवून दिले: मंगळवार आणि शनिवार, सकाळी सात. मायचे गुडघे गेलेले, पण बाबांना कमरेचा पट्टा, म्हणून हापशावरच्या घागरी तिच्याच वाट्याला यायच्या. त्या बंद झाल्या. सुट्टीला मी नांदेडहून आले की शनिवारी ती नळापाशी पाटावर बसून, राणीसारखी, पाइपानं टाकी भरताना दिसायची.

बाबा निवृत्त शिक्षक. कुणाचे उपकार अंगावर ठेवणं त्यांना जमत नाही. त्यांनी साहेबांचा जाहीर सत्कार ठरवला. निमंत्रण द्यायला ते गेले तेव्हा मी बरोबर होते. साहेब म्हणाले, "सर, सत्कार नको. खरंच नको. मला काम करू द्या."

बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "बाबा, ते नको म्हणतायत."

बाबा हसले. "येडी हायस का? पहिल्या खेपेला हाव कोण म्हणतंय?"

त्यांचंही खरंच होतं. आमच्याकडे पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी वाढपी पोळी टाकूनच पुढे जातो. मीही गप्प बसले. नुसती गप्प नाही, फ्लेक्सचा मजकूर मीच लिहून दिला.

चौकात फ्लेक्स लागला. फेटा, शाल, हार सगळं झालं. निवडून दिलेल्यांनी इतक्या वर्षांत केलं नाही ते या एकट्या माणसानं करून दाखवलं, असं बाबा माइकवर भरभरून बोलले. साहेब फेटा सावरत खाली बघत होते. ते दोन्ही माजी नगरसेवक पहिल्याच रांगेत होते. बाबांनी त्यांनाही आग्रहानं बोलावलं होतं.

पंधरवड्यात बदलीची ऑर्डर आली. कुणी करवली ते कागदावर कधीच नसतं, गावाला मात्र ठाऊक होतं. आम्ही निवेदन लिहिलं, पण ते कुणाला द्यायचं तेच कळेना. साहेबांना आम्ही निवडलं नव्हतं, म्हणून ठेवूनही घेता आलं नाही.

नवे साहेब फायलींच्या बाहेर आले नाहीत. महिन्याभरात मोटारी परत बसल्या, ठरलेले वार गेले आणि माय पुन्हा हापशावर. तिथल्या ओल्या ओट्यावर एक दिवस ती घागरीसकट पडली. खुबा मोडला. लातूरला ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. मला माजी नगरसेवकांचा राग येतो, नव्या साहेबांचा येतो, आणि सगळ्यात जास्त फ्लेक्सवरच्या माझ्या त्या ओळींचा. बाबांवर मात्र रागावता आलं नाही. ते त्यानंतर कुठल्या सभेत बोललेच नाहीत.

यंदा बाबांची पंचाहत्तरी झाली. जुने विद्यार्थी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. बाबांनी हात जोडले. "नको रे बाबांनो, खरंच नको." सगळे हसले. शाल खांद्यावर पडली, टाळ्या वाजल्या आणि बाबांचे डोळे वाहायला लागले. सर भारावून गेले, असं म्हणत त्यांनी फोटो काढले.

ते गेल्यावर बाबांनी शाल काढली आणि आतल्या खोलीत जाऊन मायच्या पायांवर घातली.

"कुणाचा सत्कार होता?" तिनं विचारलं.

"माझाच."

"मग नको म्हणायचं की."

"म्हणलो होतो," बाबा म्हणाले.