आजोबांचे जास्तीचे थेंब

माझ्या आजोबांना तांबूस रंग नीट दिसत नव्हता, आणि त्यापायी भाट्ये गावच्या एका माणसाची शेती सुटली.

आज आजोबांचा स्मृतिदिन. दरवर्षी टाळते. आज लिहून टाकते.

१९३०च्या आसपासची गोष्ट. आजोबा रत्नागिरीत एका छोट्या लॅबमध्ये नोकरीला होते. काम एकच. खाडीकाठच्या खाजणातली, म्हणजे खाऱ्या जमिनीतली, माती तपासायची, मीठ किती ते लिहायचं. मीठ लिमिटच्या वर गेलं की रिपोर्ट : भात लावू नये.

मातीचं पाणी गाळून, रंग घालून पिवळं करायचं. मग त्यात थेंब थेंब औषध सोडायचं. पिवळं तांबूस झालं की थांबायचं. तो एंड पॉइंट.
जितके थेंब, तितकं मीठ.

एके दुपारी आजी डबा घेऊन गेली. जरा वेळ बघत उभी राहिली.

"अहो, हे तांबडं कधीच झालंय. अजून कशाला ओतताय?"

आजोबांना ते पिवळंच दिसत होतं.

त्यांनी स्वतः मोजून मीठ घातलेलं पाणी तपासलं. मीठ जास्तच आलं. पुन्हा केलं. पुन्हा जास्त.

म्हणजे दोन वर्षांचे सगळे आकडे फुगलेले. लिमिटच्या अगदी जवळची शेतं उगाच बाहेर गेलेली.

लॅबच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गप्प बसा. कोण विचारतंय?"

आजोबांनी वरच्या कचेरीत लेखी कळवलं. मग महिनाभर आजी शेजारी बसली. ती "झालं" म्हणायची, आजोबा थांबायचे. जपून ठेवलेल्या सगळ्या मातीची तपासणी पुन्हा केली.

सात शेतं चांगली निघाली.

आजोबा सातही घरी चालत गेले. शेवटचं घर भाट्याला, गोविंदचं. दारात त्याची म्हातारी आई.

"तुमच्या शेतात भात होईल. चूक माझी होती."

"आता काय उपेग? पोरगा मुंबयला गेला गिरणीत. आता तो कुठला येतोय!"

मग तिने पाणी दिलं.

सहा शेतं पुढच्या वर्षी लावली गेली. गोविंदचं नाही. आजोबांना लॅबमधून काढून बियाण्याच्या गोदामात टाकलं. रिटायर होईपर्यंत तिथेच.

मी कॉलेजात असताना विचारलं, "गप्प बसला असतात तर?"

"तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "झोप तरी लागली असती, असं वाटायचं तेव्हा. पण गप्प बसायला तुझी आजी देईना."

आजोबा, फार दमलात. आता निवांत झोपा.
आजी, तुलाही नमस्कार.