कुलूपबाईंचा प्रोग्रॅम

आमच्या बँकेच्या मेनफ्रेम कॉम्प्युटरची राखण एक बाई करायच्या. ड्रॉवरला कुलूप लावलं तरी ओढून बघायच्या, म्हणून त्यांचं नाव कुलूपबाई. त्यांच्याविषयी लिहिणं मला जमेल का कोण जाणे. पण त्या दिवशी मी शेजारीच मशीनच्या नोंदींच्या टेपा लावत होतो, आणि ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या मशीनमध्ये मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला किल्ली असते, म्हणजे एक नंबर. प्रोग्रॅमची किल्ली तिच्याशी जुळली तरच त्याला तिथे लिहिता येतं. शून्य नंबरची किल्ली मात्र सगळीकडे चालते, आणि ती मोजक्याच प्रोग्रॅमांना देतात. त्यातला एक बाईंनी लिहिलेला. खात्याची शिल्लक शोधायची आणि विचारणारा सांगेल त्या जागी नेऊन ठेवायची, एवढंच त्याचं काम.

मशीनच्या सुरक्षेच्या तपासणीला आलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, साध्या कारकुनाच्या नावाने आत शिरून बघू?"

"बघ की. डोकं आपटून परत येशील!" बाई हसल्या.

चाचणीच्या मशीनवर तिने शिल्लक विचारली. ठेवायची जागा मात्र स्वतःची सांगितली नाही. कुणाला कसले अधिकार हे मशीन जिथे लिहून ठेवतं, ती सांगितली. प्रोग्रॅमने मुकाट्याने शून्याची किल्ली लावली आणि शिल्लकेचा आकडा तिथे लिहिला. मशीनने तो आकडा म्हणजे कारकुनाचे अधिकारच असं धरलं. कारकून मशीनचा मालक झाला.

बाई पुढे सरकल्या. "माझ्या प्रोग्रॅमने? पुन्हा कर."

पुन्हा तेच.

मागे उभे असलेले आमचे साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, काउंटर चालू आहेत. तुम्ही रिटायर झाल्यावर बघू. ही मुलगी काय, आपलीच आहे."

"माझा प्रोग्रॅमही आपलाच होता, साहेब."

त्यांनी तो तिथल्या तिथे बंद केला. काउंटर ठप्प झाले, बाहेर आरडाओरडा सुरू झाला. बाईंनी मान वर केली नाही. लिहिण्याआधी प्रोग्रॅमने शून्याची किल्ली खाली ठेवायची आणि विचारणाऱ्याचीच हातात घ्यायची, एवढा बदल केला. मुलीने परत तीच खोडी केली. मशीनने तिला दारातच अडवलं.

"जमलं, मॅडम!"

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टेपवाले, आधी कुणी शिरलं नसेल कशावरून?"

मी टेपांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "जुन्या नोंदी आहेत की. शोधू."

"अहो, शून्याची किल्ली हाती आल्यावर नोंदीही पुसता येतात, माग कोण ठेवेल?"