माझं एकसष्ट वर्षांचं लिव्हर

दुबईतल्या एका भारतीय शाळेच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काम केलं. काचेच्या नळ्या धुतल्या, अ‍ॅसिडच्या बाटल्या सांभाळल्या, आणि साठी उलटल्यावर तिथून तासाभरावरच्या रास अल खैमाला मुलाकडे राहायला आले. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा एकुलता एक. टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचा. घरात तो, सून, अकरा वर्षांची नात आणि मी.

त्याचा आजार मी यायच्या आधीपासूनचा. त्याच्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्या लिव्हरवर उलटली होती. दारूला त्यानं कधी हात लावला नाही, तरी लोक सुनेला बाजूला घेऊन विचारायचेच, ‘घेतो का गं?’ औषधांवर दोन वर्षं निभावलं. मग पोटात पाणी भरायला लागलं. पाय सुजले, दंड काटकुळे झाले. बोलता बोलता तो शब्द विसरायचा. एकदा मला म्हणाला, “आई, ते आण ना... ते... पाणी प्यायचं.” ग्लास हा शब्द त्याला आठवेना. छत्तीस वर्षांचा माझा मुलगा.

अबू धाबीच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ट्रान्सप्लान्टशिवाय मार्ग नाही. एक तर घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, नाहीतर ब्रेन डेड झालेल्या माणसाच्या लिव्हरची वाट बघायची.

“मी देते,” मी म्हटलं. रक्तगट दोघांचा एकच, ओ पॉझिटिव्ह. मला ना बीपी, ना शुगर. रोज सकाळी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यानं, तासभर चालायचे. तपासण्यांना निघाले तेव्हा मनात शंकासुद्धा नव्हती.

डॉक्टर केरळचे, हिंदीत बोलायचे. त्यांनी माझी फाइल उघडली आणि हळूच मिटली. “माँजी, आपकी उम्र ज़्यादा है. जिवंत डोनर आम्ही पंचावन्नच्या पुढं घेत नाही.”

“पण माझी तब्येत बघा ना!”

“तब्येत चांगलीच आहे.”

मग मी ते केलं, ज्याची आजही लाज वाटते आणि वाटतही नाही. मी खोटं बोलले. म्हटलं, पासपोर्टवरची तारीख चुकीची आहे, शाळेत लवकर घालायचं म्हणून वडिलांनी माझं वय वाढवून लिहिलं होतं, मी खरी चोपन्नचीच आहे. शेजारी बसलेली सून माझ्याकडे बघतच राहिली. सात वर्षं कोण वाढवून लिहितं?

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “माँजी, मी अर्धं लिव्हर कापून मुलाला दिलं, तर दोन्ही तुकड्यांना वाढावं लागतं. तुमच्यातल्याला आणि त्याच्यातल्यालाही. वय झालेलं लिव्हर रोजचं काम छान करतं, पण कापल्यावर वाढताना दमतं. दोघंही जाल. मग मी तुमच्या सुनेला काय सांगू?”

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन बसले. इतकी वर्षं मला कुणी म्हातारी म्हटलं नव्हतं.

सुनेचा रक्तगट बी, तिचं जमणार नव्हतं. पुण्याहून माझा भाचा हो म्हणाला. त्याचे रिपोर्ट मागवले, व्हिसाची तयारी केली. मग त्याचा फोन लागेनासा झाला. त्याला दोन लहान मुलं आहेत. मी त्याला दोष देत नाही. त्या दिवसांत दिला होता, पोटभर दिला होता.

एका दुपारी नात शाळेतून आली, बॅग टाकली आणि माझ्यासमोर उभी राहिली. “आजी, आय अ‍ॅम ओ पॉझिटिव्ह टू. आय चेक्ड.”

“तू लहान आहेस, बाळा.”

“सो यू आर टू ओल्ड अँड आय अ‍ॅम टू यंग? दॅट्स नॉट फेअर.”

ती रडली नाही. आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. मी भाजी चिरत होते, ती तशीच चिरत राहिले, कारण हात थांबले असते तर मी मोठ्यानं ओरडले असते.

ब्रेन डेड डोनरसाठी वेटिंग लिस्टवर नाव घातलं. पुढचे तीन महिने मुलाचं पोट दर आठवड्याला सुई घालून रिकामं करायचे. कारखान्यातली नोकरी नावापुरती उरली होती. सून ऑफिसात आणि हॉस्पिटलात इतकी धावायची की जेवताना तिचा डोळा लागायचा. तिच्या ऑफिसातला पठाण ड्रायव्हर रोज विचारायचा, ‘लिव्हर मिला?’ आणि उत्तर ऐकून ‘इन्शाल्ला’ म्हणायचा. एके दिवशी मी देवापुढे बसून कुणाच्या तरी मरणाची प्रार्थना करतेय हे माझ्या लक्षात आलं. नंतर आठवडाभर मी देवापुढे दिवाच लावला नाही.

हॉस्पिटलला फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मुलगा तेव्हा अबू धाबीलाच अ‍ॅडमिट होता, गुंगीत. आम्ही दोघी त्याच्याजवळच होतो. डॉक्टरांनी आम्हाला शेजारच्या खोलीत बोलावलं.

“लिव्हर मिळतंय. पण निर्णय तुम्ही घ्या. डोनर बहात्तर वर्षांचे आहेत.”

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग आलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. “बहात्तर? माझं एकसष्टचं नको, आणि बहात्तरचं चालतं?”

“हे पूर्ण बसवायचं आहे, माँजी. याला वाढायचं नाही, फक्त काम करायचंय. चरबी नाही, दुबईहून येतंय, म्हणजे बर्फात फार वेळ राहणार नाही. तरुण लिव्हर मिळालं असतं तर मी जास्त खूश असतो. यात धोका थोडा जास्त आहे. उशिरा जागं होऊ शकतं, पुढे पित्ताच्या नळीचा त्रास होऊ शकतो.”

“आणि थांबलो तर?” सुनेनं विचारलं.

डॉक्टरांनी काचेतून पलंगाकडे बघितलं. “किती थांबू शकतो, ते तुम्हीच बघताय.”

सून माझ्याकडे वळली. “आई, तुम्ही सांगा. मला नाही जमत.”

मला तिचा राग आला. मग तिचा हात दिसला, पेन धरलेला, कागदावर अडलेला. “सही कर,” मी म्हटलं. “माझ्या सांगण्यावरून कर. काही वाईट झालं तर ते माझ्यावर.”

ऑपरेशन नऊ तास चाललं. दुसऱ्या दिवशी लिव्हर नीट काम करत नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. रिपोर्टमधले आकडे वाढतच होते. आयसीयूच्या काचेबाहेर उभी राहून मी त्या अनोळखी बहात्तर वर्षांच्या लिव्हरशी भांडत होते, चक्क मराठीत, ओठ हलवून. ऊठ ना रे बाबा. एवढी वर्षं काम केलंस, अजून थोडं कर. मी म्हणाले म्हणून सही झाली आहे. शेजारची एक इजिप्शियन बाई काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “पित्त यायला लागलंय, म्हणजे लिव्हर जागं झालं.”

याला आता पावणेदोन वर्षं झाली. सगळं सुरळीत आहे असं म्हणवत नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच सहा महिन्यांनी पित्ताची नळी आकसली. दर तीन महिन्यांनी आत नवीन प्लास्टिकची नळी बसवायला अबू धाबीला जावं लागतं. मध्येच ताप चढतो आणि आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता बॅग भरतो. मुलगा अर्धा दिवस कामावर जातो, दुपारी येऊन झोपतो.

मी एकदा डॉक्टरांना विचारलं, हे लिव्हर किती वर्षं चालेल? ते म्हणाले, “ठाऊक नाही, माँजी. काही फार वर्षं चालतात.” काही चालत नाहीत, हे ते बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात मुलगा नातीला सायकल शिकवत होता. दहा पावलं धावला, धापा टाकत कट्ट्यावर बसला, आणि ती वळून येईपर्यंत पुन्हा उभा राहिला. मी गॅलरीतून बघत होते. त्याला वर बोलवावं की नाही, ते मला ठरवता येईना.