रंगूबाईच्या घराचं माप

उमरठच्या अलीकडच्या वाडीत रंगूबाईनं सत्तावन्न साली दोन खणांचं घर बांधायला काढलं. नवरा येसाजी मुंबईला गोदीत होता. नऊ वर्षांत तो दोनदा आला, आणि शेवटचा आला त्यालाही पाच वर्षं होऊन गेली होती. ती थोरल्या दिराच्या, सयाजीच्या घरात राहत होती. तिथं तिला कोणी वाईट वागवत नव्हतं. फक्त चूल आपली नाही, हे तिला रोज नव्यानं कळायचं.

लाकूड तिच्या माहेरच्या, तुडीलच्या भावांनी दिलं. खांबांना ऐन, वाशांना किंजळ, आढ्याला एक सरळसोट साग. भिकू सुतारानं सगळं तासून अंगणात मांडलं आणि तिथंच काम अडलं. त्या खोऱ्यात घर मालकाच्या हातानं मापतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक काठी कापायची आणि खांब, तुळया, वासे सगळे त्याच काठीनं मोजायचे. ज्याचा हात, त्याचं घर.

“वयनी, काठी कोनाच्या हाताची कापू?”

जोत्यावर बसलेल्या सयाजीनं बाही सारली. “माझा घे की. भाऊच हाय मी त्याचा.”

“त्यांचा येल,” रंगूबाई म्हणाली.

तिनं दत्तोपंत मास्तरांकडून पत्र लिहवलं. येऊ नका, काही पाठवू नका. फक्त तुमच्या हाताएवढा दोरा कापून पाकिटात घाला. मास्तरांचा टाक मध्येच थांबला, मग पुन्हा चालू लागला.

पौष गेला, माघ गेला. शिमग्यानंतर भिकूला महाडला दुसरं काम होतं. तोवर दोरा आला नाही तर सयाजीचा हात, असं ठरलं. उद्या डोक्यावर चढणाऱ्या लाकडावर बसू नये, असं भिकू सांगायचा, तरी ती संध्याकाळी त्या आढ्यावरच बसून वाटेकडे बघायची.

शिमग्याच्या चार दिवस आधी पाकीट आलं. आत नुसता दोरा. लाकडांच्या आडोशाला जाऊन तिनं त्याचं टोक कोपराला लावलं. दोरा तिच्या बोटाच्या टोकाआधीच संपला. तिनं पुन्हा लावून पाहिला. येसाजी उंचापुरा गडी. त्याचा हात तिच्या हाताहून चांगला चार बोटं लांब. हा हात बाईचा होता, तिच्याहून लहानखुऱ्या बाईचा. येसाजीनं कामावर निघता निघता त्या बाईलाच सांगितलं असेल, तूच मापून घाल म्हणून.

दोरा तिनं चुलीत टाकला.

सकाळी भिकू आला, मागोमाग सयाजी. रंगूबाईनं बांगड्या मागं सारल्या आणि हात पुढं केला. “ह्यो घे.”

भिकूनं सयाजीकडे पाहिलं. सयाजीनं आपली बाही खाली ओढली.

“वयनी, घर बुटकं व्हईल.”

“मला पुरतंय.”

“आनि येसाजीदादा आला तर?”

“वाकंल.”

तिच्या हातानं मधले खांब सहा हात झाले, पडवीचे चार. तुडीलच्या भावांनी आढं चढवलं. वास्तूच्या दिवशी सयाजीचं कपाळ पडवीच्या तुळईला आपटलं, तेव्हा सगळे हसले, तीही हसली. मग माणसं आपापल्या घरी गेली.

ती त्या घरात अकरा वर्षं राहिली. पडवीत वाकून यावं लागेल असं माणूस नंतर फारसं कोणी आलं नाही.